गरम पाण्याचा हीट पंप : बचत खरी, पण प्रत्येक घरात सारखी नाही

नवी दिल्ली : हिवाळ्याची चाहूल लागली की गिझरची बाजारपेठ गजबजते आणि पुढच्या दोन महिन्यांत विजेची बिले वाढू लागतात. या वाढीला उत्तर म्हणून घरगुती हीट पंपाचे नाव आता केवळ हॉटेले, रुग्णालये आणि वसतिगृहांपुरते मर्यादित राहिलेले नाही. मोठ्या सदनिका, बंगले आणि नव्या गृहप्रकल्पांतही त्याची विचारणा होऊ लागली आहे. साध्या गिझरच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश विजेत तेवढेच पाणी तापवण्याचा विक्रेत्यांचा दावा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तथापि या दाव्यावरून प्रत्येक कुटुंबाची बचत ठरत नाही. ती ठरते रोज लागणाऱ्या गरम पाण्यावर, गावाच्या हवामानावर, विजेच्या दरावर आणि यंत्र बसवण्याच्या जागेवर. राज्याराज्यांतील वीज अनुदानाची रचनाही या हिशेबात निर्णायक ठरते आणि तिचा परिणाम अनेकदा ऊर्जाबचतीच्या विरुद्ध दिशेने होतो.

उष्णता निर्माण करणे आणि वाहून आणणे

गिझरमधील कॉइल विजेचे थेट उष्णतेत रूपांतर करते. एक युनिट वीज खर्च केली की एक युनिट उष्णता मिळते, त्याहून अधिक मिळणे शक्य नाही. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, तो ती बाहेरच्या हवेतून उचलून पाण्यात सोडतो. फ्रिज किंवा एअर कंडिशनर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व असून फक्त दिशा उलटी आहे. एअर कंडिशनर खोलीतील उष्णता बाहेर टाकतो, तर हीट पंप बाहेरील उष्णता टाकीत आणतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर व पंखा चालवण्यासाठी.

या वाहतुकीचे मोजमाप ‘सीओपी’ या गुणांकाने होते. सीओपी ३ म्हणजे एक युनिट विजेच्या मोबदल्यात तीन युनिट उष्णता, त्यांपैकी दोन हवेतून आलेल्या. शंभर लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढवण्यासाठी सुमारे साडेतीन युनिट उष्णता लागते. गिझरला त्यासाठी साडेतीन युनिट वीज लागेल, तर सीओपी ३ असलेल्या हीट पंपाला १.२ युनिटच्या आत काम भागवता येईल.

ही कल्पना नवी नाही. उष्णता कमी तापमानाकडून अधिक तापमानाकडे नेणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडला होता. जपानमध्ये कार्बन डायऑक्साइड शीतक म्हणून वापरणारे घरगुती पाणी तापवण्याचे हीट पंप २००१ मध्ये ‘इको क्यूट’ या नावाने बाजारात आले आणि रात्रीच्या स्वस्त विजेवर टाकी भरून ठेवण्याची पद्धत तेथे रुळली. ऑस्ट्रेलियात लघु अक्षय ऊर्जा योजनेखाली सौर वॉटर हीटरच्या बरोबरीने हवेतील उष्णता वापरणाऱ्या हीट पंपालाही आर्थिक साह्य मिळते. हवेतील उष्णता सूर्याचीच देणगी आहे, असा त्यामागील विचार आहे.

पाच तारे नेमके काय सांगतात

भारतीय ग्राहकाला कार्यक्षमतेची ओळख होते ती ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकनातून. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये मार्च २००२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने साठवण गिझरनाही लेबल लागू केले आहे. परंतु या ताऱ्यांचा अर्थ फारच थोड्या ग्राहकांना ठाऊक असतो. साठवण गिझरचे तारांकन ‘स्टँडिंग लॉस’ म्हणजे स्थायी तुटीवर आधारित आहे. टाकीतील पाणी आजूबाजूच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवल्यास २४ तासांत किती उष्णता बाहेर निसटते, हे त्यात मोजले जाते. थोडक्यात, तारे हे टाकीभोवतीच्या आवरणाच्या दर्जाचे माप आहेत.

पाणी तापवण्यासाठी लागणारी वीज मात्र एक तारा आणि पाच तारे या दोन्ही गिझरना जवळपास सारखीच लागते. जे कुटुंब अंघोळीपूर्वी पंधरा मिनिटे गिझर लावते आणि लगेच बंद करते, त्याच्या बिलात ताऱ्यांमुळे पडणारा फरक अल्प असतो. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्या घरात तो लक्षणीय असतो. हीट पंपाचा लाभ याहून वेगळ्या ठिकाणी, म्हणजे पाणी तापवण्याच्या मूळ खर्चातच होतो. म्हणून गिझरचे तारे आणि हीट पंपाचा सीओपी यांची थेट तुलना करता येत नाही. पाच तारांकित गिझर घेतल्याने हीट पंपाच्या जवळपास पोहोचता येईल, हा समज चुकीचा आहे आणि हीट पंपाच्या टाकीला स्थायी तूट नसते, हाही.

दोन घरांचे गणित

बचत खरोखर किती, हे दोन काल्पनिक पण सर्वसाधारण उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पहिले घर चौघांचे आहे. बादलीने अंघोळ, प्रत्येकी एक बादली आणि स्वयंपाकघरात थोडे पाणी, असा रोजचा वापर ४२ अंश तापमानाचे १०० लिटर पाणी इतका धरू. नळाचे पाणी सरासरी २२ अंशांचे असल्यास रोज सुमारे २.३ युनिट उष्णता लागते. वर्षातील ३०० दिवस गरम पाणी वापरल्यास गिझरचा वार्षिक खर्च सुमारे ७०० युनिट होतो. हीट पंपाने त्यातील दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ४६५ युनिट वाचतील. प्रतियुनिट आठ रुपये दराने ही बचत वर्षाला ३,७०० रुपयांच्या आसपास जाते. गिझरपेक्षा हीट पंपाला ७० हजार रुपये अधिक मोजावे लागले असे मानल्यास ते वसूल व्हायला जवळपास १९ वर्षे लागतील. यंत्राचे आयुष्य त्याआधीच संपण्याची शक्यता अधिक. शिवाय मोठ्या टाकीची स्थायी तूट या हिशेबात धरलेलीच नाही.

दुसऱ्या घरात सात माणसे, तीन स्नानगृहे आणि शॉवर आहेत. रोज ४२ अंशांचे ३०० लिटर पाणी लागते आणि नळाचे पाणी २० अंशांचे आहे. येथे रोजची गरज ७.७ युनिटच्या जवळ जाते आणि ३०० दिवसांत ती २,३०० युनिट होते. हीट पंपाने सुमारे १,५३० युनिट वाचतात. एवढा वापर असलेले घर सहसा वरच्या दरटप्प्यात मोडते. त्यामुळे प्रतियुनिट दहा रुपये धरल्यास वार्षिक बचत १५ हजार रुपयांवर जाते. तीन गिझरांची किंमत वजा करून ९० हजार रुपये अधिक मोजले तरी ते सहा वर्षांच्या आत वसूल होतात. देशातील विजेमागे प्रतियुनिट सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो, हे लक्षात घेता या एका घराचे वार्षिक उत्सर्जन एक टनाने घटते.

दोन्ही घरांतील यंत्र तेच आणि सीओपीही तोच. फरक केवळ पाण्याच्या प्रमाणाचा आहे. म्हणूनच खरेदीआधीचे पहिले काम दुकानात जाण्याचे नसून आठवडाभर घरातील गरम पाण्याचा वापर मोजण्याचे आहे. बादल्यांची संख्या मोजणे सोपे असते. शॉवरखाली एक बादली भरायला किती सेकंद लागतात हे पाहिले की त्याचाही अंदाज मिळतो. पहिल्या प्रकारच्या घराला कमी प्रवाहाचा शॉवर, चांगल्या आवरणाची छोटी टाकी आणि गिझर वेळेवर बंद करण्याची सवय यांतून मिळणारा लाभ अधिक स्वस्त पडतो.

वीजदराच्या टप्प्यांचाही विचार आवश्यक आहे. बहुतेक राज्यांत वापर वाढतो तसा पुढील युनिटांचा दर चढत जातो. वाचलेले युनिट हे नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातील असते. सरासरी दराने केलेला हिशेब त्यामुळे बचत कमी दाखवतो. बिलावरील सरासरीऐवजी शेवटच्या युनिटला पडलेला दर धरणे योग्य ठरते.

हवामानाचा विरोधाभास

हीट पंप हवेतून उष्णता घेत असल्याने हवा जितकी उबदार तितके त्याचे काम सोपे. गोवा, कोकण, केरळ किंवा चेन्नईत त्याचा सीओपी वर्षभर उत्तम राहतो. दमट हवेतील बाष्प यंत्राच्या थंड जाळीवर साचून त्यातूनही उष्णता मिळते. मात्र याच प्रदेशांत नळाचे पाणी मुळात कोमट असते आणि गरम पाण्याची गरज कमी. याउलट ग्वाल्हेर, दिल्ली किंवा डेहराडूनच्या जानेवारीत गरज सर्वाधिक असते, पण पहाटेची हवा पाच-सात अंशांवर येते आणि सीओपी घसरतो. सिमला, मनाली किंवा लेहसारख्या ठिकाणी जाळीवर हिम साचते. ते वितळवण्यासाठी यंत्राला मधूनमधून थांबावे लागते.

पुणे, नाशिक, बेळगाव, बंगळूरु, इंदूर अशा मध्यम हवामानाच्या शहरांत हे दोन्ही पारडे बऱ्यापैकी जुळते. वर्षातील बराच काळ गरम पाणी लागते आणि हवाही फार थंड होत नाही. उत्तरेकडील शहरांत पहाटेऐवजी दुपारी यंत्र चालवल्यास घसरणीचा मोठा भाग टाळता येतो, कारण जानेवारीतही दुपारची हवा पहाटेपेक्षा बरीच उबदार असते. टाकीतील पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरेसे गरम राहत असल्यास गारठ्यात कॉम्प्रेसर चालवण्याची गरज उरत नाही.

याच कारणाने माहितीपत्रकावरील सीओपीचा आकडा एकटा पाहू नये. तो हवेच्या कोणत्या तापमानाला आणि पाणी किती अंशांपासून किती अंशांपर्यंत तापवून मोजला, हे विचारणे आवश्यक आहे. युरोपीय चाचणीत सरासरी हवामानासाठी हवा ७ अंश, उबदार हवामानासाठी १४ अंश आणि थंड हवामानासाठी २ अंश धरली जाते. वीस अंशांच्या हवेत मोजलेला ४ आणि सात अंशांच्या हवेत मोजलेला ३ या आकड्यांवरून कोणते यंत्र सरस हे सांगता येत नाही. दुसरे यंत्र प्रत्यक्षात अधिक चांगले असू शकते.

टाकी किती मोठी असावी

हीट पंप सावकाश काम करतो. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर काही मिनिटांत बादली भरतो, तर अर्धा किलोवॅट वीज घेणारा घरगुती हीट पंप ताशी सुमारे दीड युनिट उष्णता देतो. दोनशे लिटर पाणी २२ वरून ५५ अंशांवर न्यायला त्याला सुमारे पाच तास लागतात. त्यामुळे येथे यंत्राच्या वेगापेक्षा टाकीची क्षमता महत्त्वाची असते.

परंतु २०० लिटरची टाकी म्हणजे २०० लिटरच अंघोळीचे पाणी नव्हे. पंचावन्न अंशांच्या पाण्यात २२ अंशांचे पाणी मिसळून ४२ अंश मिळवल्यास गणिताने ३३० लिटर पाणी होते. टाकीच्या तळाशी थंड पाणी मिसळत राहिल्याने प्रत्यक्षात त्याहून काहीसे कमी हाती येते. सात जणांच्या घराला एवढी टाकी साधारणपणे पुरते.

क्षमता ठरवताना वर्षातील एका दिवसाचा विचार करून मोठी टाकी घेण्याकडे अनेकांचा कल असतो. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला पाहुण्यांसह दहा-बारा माणसे असतात, हे खरे. पण त्या दोन दिवसांसाठी वर्षभर शंभर लिटर जादा पाणी गरम ठेवणे परवडणारे नाही. अशा प्रसंगासाठी बहुतेक यंत्रांत विजेची पूरक कॉइल दिलेली असते. ती हाताने सुरू करता येणारी असावी. पूरक कॉइल आपोआप वारंवार सुरू होत राहिली तर हीट पंप नकळत महागडा गिझर बनतो आणि बचतीचा हिशेब कोलमडतो.

तापमान किती ठेवावे, याबाबतही समतोल साधावा लागतो. पाणी जितके अधिक तापवावे तितका सीओपी घटतो, म्हणून ५० ते ५५ अंश ही मर्यादा किफायतशीर असते. मात्र कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणूंची वाढ होऊ शकते. त्यासाठी ठरावीक काळाने टाकीतील पाणी ६० अंशांवर नेण्याची सोय यंत्रात असणे हिताचे आहे. वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असलेल्या घरांत ती टाळू नये.

जागा, पाणी आणि नळ

हीट पंपाला हवा खेळती लागते. बंद माळ्यावर किंवा खिडकीविना खोलीत बसवलेले यंत्र स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढून घेते आणि त्याची कार्यक्षमता खालावते. टाकी व कॉम्प्रेसर एकत्र असलेले यंत्र बसवायला सोपे असते. स्प्लिट प्रकारात कॉम्प्रेसर बाहेर आणि टाकी आत ठेवता येते. भरलेल्या २०० लिटरच्या टाकीतील पाण्याचेच वजन २०० किलो असते. त्यात यंत्राचे वजन मिळवल्यास बाल्कनीच्या स्लॅबबाबत अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो. कॉम्प्रेसरचा आवाज एअर कंडिशनरच्या बाहेरच्या युनिटसारखा असतो, त्यामुळे शेजारच्या शयनगृहाची भिंत टाळावी. यंत्रातून निथळणाऱ्या पाण्यासाठी निचऱ्याची नळीही हवी.

कूपनलिकेच्या कठीण पाण्याचा प्रश्न देशाच्या मोठ्या भागात आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. कठीण पाण्यातील क्षार उष्णता देणाऱ्या पृष्ठभागावर थर धरतात आणि विजेचा वापर वाढत जातो. काचेच्या मुलाम्याच्या टाकीत गंज रोखण्यासाठी मॅग्नेशियमची ॲनोड कांडी असते. ती झिजण्यासाठीच बसवलेली असते आणि ठरावीक काळाने बदलावी लागते. ती बदलण्याची सेवा गावात उपलब्ध आहे का, हा प्रश्न हमीच्या वर्षांइतकाच महत्त्वाचा आहे.

आणखी एक तूट नळांमध्ये दडलेली असते. गिझर स्नानगृहातच असल्याने नळी आखूड असते. एकच हीट पंप साऱ्या घराला पाणी देतो तेव्हा नळी लांबते. पंधरा मिलिमीटर आतील व्यासाच्या पंधरा मीटर नळीत सुमारे अडीच लिटर पाणी मावते. तेवढे थंड पाणी प्रत्येक वेळी आधी सोडून द्यावे लागते आणि नळ बंद केल्यावर तेवढेच गरम पाणी नळीत निवते. नळ्यांवर आवरण घालणे आणि टाकी सर्वाधिक वापराच्या स्नानगृहाजवळ ठेवणे, हे यंत्राच्या निवडीइतकेच परिणामकारक उपाय आहेत.

शीतकाचा पर्यावरणीय हिशेब

हीट पंपातील शीतक वायू गळल्यास तो हवामानाला घातक ठरू शकतो. शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आर-४१०ए हा वायू २,०८८ पट, आर-१३४ए १,४३० पट आणि आर-३२ हा ६७५ पट तापमानवाढ घडवतो. आर-२९० म्हणजे प्रोपेनचा हा आकडा एक अंकी आहे. भारताने २०२१ मध्ये मंजुरी दिलेल्या किगाली दुरुस्तीनुसार अशा हायड्रोफ्लोरोकार्बन वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा असून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात करत २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. आज घेतलेले यंत्र २०३२ नंतरही वापरात असेल. तेव्हा ज्या वायूवर कपातीची कुऱ्हाड आधी कोसळेल, त्याचे पुनर्भरण महाग होण्याची शक्यता अधिक. आर-२९० ज्वलनशील असल्याने ते यंत्र उघड्या, हवेशीर जागी आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच बसवणे आवश्यक असते.

सौर, गॅस आणि हीट पंप

स्वतंत्र घर आणि मोकळे छत असलेल्या कुटुंबासाठी सौर वॉटर हीटर हा अजूनही सर्वांत साधा पर्याय आहे. त्याला चालवण्यासाठी वीज लागत नाही. पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत मात्र त्यालाही पूरक कॉइल लागते. बहुमजली इमारतीत छताचा वाटा प्रत्येक सदनिकेला पुरत नाही आणि वरून खालच्या मजल्यापर्यंत पाणी येईतो ते निवते. तेथे हीट पंपाची बाजू बळकट होते.

छतावर सौर वीज पॅनेल असणाऱ्यांसाठी हे समीकरण आणखी बदलते. एक किलोवॅटचे पॅनेल चांगल्या दिवशी सुमारे चार युनिट वीज देते. सीओपी ३ धरल्यास त्यातून १२ युनिट उष्णता मिळते, म्हणजे दुसऱ्या घराच्या रोजच्या गरजेहून अधिक. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य असून दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३० हजार आणि तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेसाठी ७८ हजार रुपये अनुदान आहे.

गॅस गिझरशी तुलना केल्यास १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट उष्णता असते. गिझरची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास सुमारे १४५ युनिट पाण्यापर्यंत पोहोचते. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत ठरलेल्या ८५३ रुपये दराने हा खर्च उष्णतेच्या प्रतियुनिट सहा रुपयांच्या जवळ जातो. आठ रुपये दराच्या विजेवरील साध्या गिझरला आठ रुपये आणि हीट पंपाला २ रुपये ७० पैशांच्या आसपास खर्च येतो. बंद स्नानगृहातील गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना दर हिवाळ्यात घडतात. त्या धोक्याची किंमत या हिशेबात धरलेली नाही.

दुपारची स्वस्त वीज

जून २०२३ मध्ये दुरुस्त झालेल्या वीज ग्राहक हक्क नियमांनी वेळेनुसार दर आकारण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानुसार शेतीखेरीज अन्य ग्राहकांना स्मार्ट मीटर बसल्यानंतर हे दर लागू व्हायचे असून सौर तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि घरगुती ग्राहकांसाठी सर्वाधिक मागणीच्या वेळेतील दर किमान १० टक्के अधिक असावा, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्यात आली.

गरम पाण्याची टाकी ही एक प्रकारची बॅटरी आहे. दुपारी भरलेली उष्णता दुसऱ्या सकाळी वापरता येते. एक कोटी घरांत एकाच वेळी दोन किलोवॅटचे गिझर सुरू झाले, तर २० गिगावॅटचा भार निर्माण होतो. देशाची तोपर्यंतची विक्रमी मागणी ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॅट नोंदली गेली होती, हे पाहता हा आकडा लहान नाही. हिवाळ्यातील सूर्योदयापूर्वीच्या तासांत सौर वीज नसते आणि हा भार बव्हंशी औष्णिक केंद्रांना वाहावा लागतो. टायमर असलेला हीट पंप तोच भार एक चतुर्थांशावर आणून दुपारकडे सरकवू शकतो. म्हणून टायमर ही सोयीची नव्हे, गरजेची बाब आहे.

मोफत वीज आणि महाग यंत्र

धोरणाच्या पातळीवर चित्र गुंतागुंतीचे आहे. पंजाबात जुलै २०२२ पासून घरगुती ग्राहकांना दरमहा ३०० युनिट मोफत आहेत. कर्नाटकातील गृह ज्योती योजनेत २०२२-२३ मधील सरासरी वापर अधिक दहा टक्के, कमाल २०० युनिट, एवढी वीज मोफत मिळते. दिल्लीच्या अनुदान योजनेत २०० युनिटपर्यंत बिल शून्य आणि २०१ ते ४०० युनिटसाठी मर्यादित सवलत आहे. या मर्यादेच्या आत राहणाऱ्या कुटुंबाने हीट पंप घेतल्यास त्याच्या बिलात एका रुपयाचाही फरक पडत नाही. वाचलेल्या विजेचा लाभ अनुदान भरणाऱ्या राज्य सरकारला होतो, यंत्राचा खर्च मात्र कुटुंबाच्या माथी पडतो.

मर्यादेच्या काठावरील कुटुंबाची स्थिती अगदी वेगळी असते. दिल्लीत हिवाळ्यात महिन्याला २३० युनिट वापरणाऱ्या घरात ९० युनिट गिझरचे असतील, तर हीट पंपामुळे ते ३० होऊन एकूण वापर १७० वर येतो आणि बिल शून्य होते. साठ युनिटांच्या बचतीने साऱ्या बिलाची बचत होते. एकाच यंत्राचे मूल्य दोन शेजाऱ्यांसाठी इतके भिन्न असणे, हा तंत्रज्ञानाचा नव्हे तर दररचनेचा परिणाम आहे.

भाडेकरूंचा प्रश्नही अनुत्तरित आहे. गिझर घरमालक किंवा बांधकाम व्यावसायिक निवडतो आणि बिल भाडेकरू भरतो. स्वस्त यंत्र बसवणाऱ्याला महागड्या विजेची झळ लागत नाही. मोठ्या गृहप्रकल्पांत अनेक सदनिकांसाठी सामायिक हीट पंप हा यावरचा एक मार्ग आहे. पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने तेथे परतफेडही लवकर होते.

किंमत उतरवण्याचा मार्ग देशाने यापूर्वी चोखाळलेला आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली आणि दिव्याचा खरेदीदर ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत उतरला. ग्राहकाला दिव्याची किंमत वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची मुभाही अनेक ठिकाणी मिळाली. हीट पंप दिव्याइतका सुटसुटीत नाही. त्याला जागा, नळकाम आणि देखभाल लागते. तरीही मोफत विजेवर दरवर्षी होणाऱ्या खर्चाचा काही भाग बिलातून फेडावयाच्या कर्जाकडे वळवला, तर अनुदानाचा भार आणि पहाटेची मागणी दोन्ही कमी होऊ शकतात. वाचलेल्या विजेचा लाभ ज्याला मिळतो त्यानेच यंत्राच्या खर्चात वाटा उचलावा, हे तत्त्व त्यासाठी मान्य करावे लागेल.

तोवर निर्णय घराघरातच व्हायचा आहे. रोजचा वापर ४२ अंशांच्या दोनशे लिटरांच्या वर असेल, वीज वरच्या दरटप्प्यातील असेल, यंत्राला मोकळी हवा व नळांना आवरण मिळणार असेल आणि छतावर सौर वॉटर हीटर शक्य नसेल, तर हीट पंपाची खरेदी हिशेबात बसते. यांपैकी पहिल्याच अटीत न बसणाऱ्या चौघांच्या घराने जुना गिझर टिकेपर्यंत थांबणे अधिक शहाणपणाचे ठरेल. कार्यक्षम यंत्राच्या नावाखाली गरजेपेक्षा मोठे यंत्र घेणे हाही एक प्रकारचा अपव्ययच आहे.